बुधवारी आणि शनिवारी वेलँड

३ फेब्रुवारी

भिंगरे,

आशीर्वाद घे आणि लगेच कामाला लाग, कारण पुढे नुसती तक्रार आहे.

तू बसवून दिलेला कॉम्प्युटर बिघडला आहे. फोन केला असता, पण माझे कान तुला माहीत आहेत. मागच्या वेळी फोनवर तू काय विचारतेस ते न कळल्यामुळे मी सगळ्याला 'हो' म्हणत गेलो आणि आठवड्याने दोन माणसं येऊन माझं पुस्तकांचं कपाट घेऊन गेली. ई-मेलही करता आला असता. पण ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच हाती ती पाठवायला द्यायची हे मला पटत नाही. म्हणून पत्र.

दुखणं असं. बोटं आखडल्यापासून मी तू दिलेल्या लघुरूपांच्या प्रोग्रामवर जगतो. मी 'झुपू' लिहिलं की तो 'झुलता पूल, लोखंडी साखळ्यांचा' असं उमटवतो. नुसतं 'का' लिहिलं की 'काँक्रीटचे खांब, समुद्रातील'. जानेवारीच्या मध्यापासून 'झुपू' लिहिलं की 'झुपू'च उमटतं. प्रोग्राम चालू दिसतो, पण काम करत नाही. सरकारी कचेरीत काढली काही वर्षं, तेव्हा ही लक्षणं ओळखीची आहेत, पण इलाज तेव्हाही सापडला नव्हता.

हातात पुलांच्या इतिहासाचं पुस्तक आहे. आठशे चाळीस पानं. कोणता विषय कोणत्या पानावर, याची सूची पंधरा एप्रिलपर्यंत द्यायची आहे. लघुरूपं चालली तर मी दिवसाला दोनशे नोंदी करतो, नाहीतर चाळीस. संपादक म्हणाले, तारीख चुकली तर या वेळी यंत्राकडून सूची करून घेऊ, आणि पुढचीही. गोड बोलले. मला त्या गोडव्याचीच धास्ती वाटते. ही माझी बासष्टावी सूची आहे आणि ती शेवटची ठरू नये एवढंच मागणं आहे.

बोटांना मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दवाखान्यात गरम मेणात बुडवतात. जानेवारीपासून चालू आहे. मेणाला फरक पडतो, बोटांना अजून नाही.

तुझा मामा


८ फेब्रुवारी

प्रिय मामा,

कपाट तू दिलंस, मी नव्हे. तीनदा विचारलं होतं.

इलाज सांगण्याआधी मला एक गोष्ट कळायला हवी. तुझ्या कॉम्प्युटरवर पडद्याचा कारभार बघायला दोन कारभारी आहेत. एक जुना, एक्स-इलेव्हन. दुसरा नवा, वेलँड. एका वेळी एकच कामावर असतो. लघुरूपांचा प्रोग्राम फक्त जुन्याच्या हाताखाली चालतो. मला वाटतं, एखाद्या अपडेटने तुझ्याकडे नवा आणून बसवलाय. पण नुसत्या वाटण्यावर मी औषध देत नाही.

तर टर्मिनल उघड आणि हे जसंच्या तसं लिही. डॉलरचं चिन्ह विसरू नकोस:

echo $XDG_SESSION_TYPE

एंटर दाब. खाली एक शब्द येईल. तो मला कळव. बाकी कशाला हात लावू नकोस, ही विनंती नाही.

भिंगरी


१३ फेब्रुवारी

भिंगरे,

शब्द आला. 'टीटीवाय.' असा कारभारी तू सांगितलेल्या दोघांत नाही. तिसरा कुठून आला?

सगळं पद्धतशीर केलं. टर्मिनल म्हणजे काय हे नीट समजावं म्हणून या प्रणालीवरचं एक जाडजूड पुस्तक जुन्या बाजारातून आणलं. त्याची सूची आधी वाचली, बरी आहे, 'न' आणि 'ण' यांत थोडा गोंधळ. तिथे लिहिलं होतं, 'टर्मिनल: पाहा कन्सोल'. आता सूचीत 'पाहा' म्हटल्यावर न पाहणं माझ्याच्याने होत नाही. चारशे अकराव्या पानावर गेलो. तिथे सांगितल्याप्रमाणे तीन बटणं एकदम दाबली. त्यासाठी माझी दोन बोटं आणि तुझ्या मामीचं एक लागलं. पडदा काळाकुट्ट झाला, नाव-पासवर्ड विचारला, मी दिला, आणि तुझी ओळ लिहिली.

परत कसं यायचं ते पुस्तकात पुढच्या आवृत्तीसाठी ठेवलेलं दिसतं. मी अर्धा तास काळ्या पडद्यापुढे बसून होतो. शेवटी हिने भिंतीवरचं बटण बंद केलं.

मामा


१८ फेब्रुवारी

प्रिय मामा,

पुस्तक परत कर.

तू घराबाहेरच्या ओट्यावर उभा राहून 'इथे कोण राहतं' असं विचारलंस, आणि उत्तर मिळालं 'ओटा'. ते खोटं नाही, पण उपयोगाचंही नाही. ही आज्ञा जिथून देशील तिथलंच उत्तर देते. काळ्या पडद्यावर दिलीस तर ती काळ्या पडद्याबद्दल सांगणार. तू जिथे सूची करतोस, तिथेच, चित्रांच्या पडद्यावर, डाव्या कोपऱ्यात शोध म्हणून आहे तिथे 'टर्मिनल' लिही. एक छोटी खिडकी उघडेल. त्या खिडकीत विचार.

आणि मामीला सांग, भिंतीवरचं बटण हा शेवटचा उपाय असतो, पहिला नव्हे.

भिंगरी


२३ फेब्रुवारी

भिंगरे,

खिडकी उघडली. ओळ लिहिली. उत्तर काहीच नाही. एक कोरी ओळ, आणि पुन्हा लुकलुकणारी रेघ.

आता रागावण्याआधी पूर्ण वाच. पुस्तक दुकानदाराने परत घेतलं नाही, तेव्हा ते घरातच आहे, आणि त्यात म्हटलंय की महत्त्वाच्या आज्ञा मुख्य अधिकाऱ्याच्या नात्याने द्याव्यात. म्हणून मी आधी रीतसर मुख्य अधिकारी झालो, तू इथे ठेवलेल्या वहीतला तो मोठा पासवर्ड देऊन, आणि मग विचारलं. मी आयुष्यात कधी अधिकारी झालो नाही, आणि झालो तेव्हा कोणी उत्तर दिलं नाही.

ही म्हणाली, नेहमीसारखं साध्या माणसासारखं विचारून बघा. विचारलं. तर लगेच आलं: 'वेलँड'. नव्याला बसवलंय, तुझा तर्क खरा. मुख्य अधिकाऱ्याला जे सांगत नाही ते साध्या माणसाला सांगतं, हे मात्र मला आवडलं.

चाळीसच्या हिशेबाने मी 'ग'पर्यंत आलो आहे. 'क' कसा गेला ते विचारू नकोस. कमानीच सदतीस प्रकारच्या निघाल्या.

मामा


२७ फेब्रुवारी

प्रिय मामा,

मिळालं एकदाचं. अधिकारी झालास तेव्हा तू वेगळा माणूस होऊन आला होतास. त्या माणसाच्या पाटीवर पडद्याची नोंदच नव्हती, म्हणून कोरी ओळ. आता पुन्हा होऊ नकोस.

थोडक्यात कारण सांगते. जुना कारभारी भोळा. कोणत्याही खिडकीत काय टाइप होतंय ते तो कोणत्याही प्रोग्रामला ऐकू देतो. तुझा लघुरूपांचा प्रोग्राम त्याच जिवावर 'झुपू' ऐकतो. नवा कडक. ज्याची खिडकी त्यालाच ऐकू येणार. सुरक्षित आहे, पण तुझा प्रोग्राम त्याच्यापुढे तुझ्याइतकाच बहिरा.

इलाज सोपा. कॉम्प्युटर सुरू केलास की तुझ्या नावावर क्लिक कर. पासवर्ड विचारेल. तेव्हा खालच्या कोपऱ्यात एक दातेरी चाक दिसेल. त्यावर क्लिक केलंस की दोन नावं. ज्याच्या शेवटी 'झॉर्ग' आहे तो जुना कारभारी, ते निवड आणि मग पासवर्ड दे. तीच निवड पुढे लक्षात राहते, रोज करावी लागणार नाही.

भिंगरी


३ मार्च

भिंगरे,

चालतं. 'झुपू' म्हटलं आणि झुलता पूल साखळ्यांसकट उभा राहिला. आज एकशे नव्वद नोंदी झाल्या. मी खिडकीत 'एक्स-इलेव्हन' हे उत्तर तीनदा विचारून घेतलं, फक्त ऐकायला बरं वाटतं म्हणून. तुझ्या मामीला सांगितलं की भाचीने जीव वाचवला. ती म्हणाली, बरं झालं, पण चेहरा जरा पडलेला दिसला. दमली असेल.

ता. क., ५ मार्च, बुधवार. तिकीट नव्हतं म्हणून पत्र घरीच राहिलं, आणि बरंच झालं. आज सकाळी 'झुपू'चं पुन्हा 'झुपू'. खिडकीत विचारलं: वेलँड. मी चाकाला हात लावलेला नाही. शपथेवर सांगतो.

मामा


१० मार्च

प्रिय मामा,

निवड आपोआप बदलत नाही. माझ्याकडे ऑफिसात असे तीनशे कॉम्प्युटर आहेत, एकानेही अजून हा चाळा केलेला नाही. चाक पुन्हा झॉर्गवर आण. पुढच्या सोमवारपासून आठवडाभर रोज सकाळी सूचीला बसण्याआधी ती ओळ विचार आणि उत्तर तारखेसह लिहून ठेव. नोंदी करणं तुला शिकवायला नको.

एक विचारते. तुझ्याशिवाय त्या कॉम्प्युटरला कोण हात लावतं?

भिंगरी


२३ मार्च

भिंगरे,

नोंदी सोबत. सोमवार, एक्स-इलेव्हन. मंगळवार, तेच. बुधवार, वेलँड (चाक फिरवलं). गुरुवार, एक्स-इलेव्हन. शुक्रवार, तेच. शनिवार, वेलँड (फिरवलं, आणि काही शब्द उच्चारले ते इथे देत नाही). रविवार, एक्स-इलेव्हन.

कोणी हात लावत नाही. मी बाहेर पडताना गॅस आणि कॉम्प्युटर दोन्ही बंद करतो. घरात दुसरी फक्त तुझी मामी, आणि तिने चाळीस वर्षं शिवणाचं मशीन सोडून कुठल्या यंत्राकडे ढुंकून पाहिलेलं नाही. मला वाटतं वीज कमी-जास्त होत असेल. बुधवारी आणि शनिवारीच का, ते विजेला माहीत.

'प'ला पोचायला अजून 'न' आडवा आहे. दिवस तेवीस उरले. फिरकीच्या दोन सकाळी वाया जातात. मी हात टेकले नाहीत, पण टेकायला जागा शोधून ठेवली आहे.

मामा


२४ मार्च

भिंगरी,

तुझ्या मामाला लिहिलेलं 'कोण हात लावतं' हे मी ऐकलं, आणि आता तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही. मी लावते. मंगळवारी आणि शुक्रवारी, हे मेणात बोटं घालून बसलेले असतात तेव्हा.

डिसेंबरात संपादकांचं पत्र आलं होतं. ते ह्यांच्या आधी माझ्या हाती पडलं. मागच्या पुस्तकाच्या सूचीत एकोणीस ठिकाणी पानं चुकली होती. ह्यांच्या हातून कधी एक चुकलं नव्हतं. लिहिलं होतं की आदर आहे, पण आणखी एकदा असं झालं तर विचार करावा लागेल. ते पत्र मी ह्यांना दाखवलं नाही. शिवणाच्या डब्यात आहे.

म्हणून मी बसते. पुस्तक उघडून एकेक नोंद ताडून बघते. तीनशे बाराचं तीनशे एकवीस झालेलं असतं, तसं. पासवर्ड कीबोर्डच्या खालीच चिकटवलाय, त्यात काही कठीण नाही. कठीण ते भूत. पहिल्या दिवशी विसरायला नको म्हणून मी बाजूला टिपून ठेवायला गेले, 'हा आकडा बरोबर आहे का', तर 'का'च्या जागी समुद्रातले काँक्रीटचे खांब उभे. खोडले, पुन्हा लिहिलं, पुन्हा खांब. एका वाक्यात मी चारदा खांब पाडले. मग पुढच्या वेळी पासवर्डच्या पानावर ते दातेरी चाक दिसलं. जन्मभर मशीनवर बसलेली बाई मी, चाक दिसलं की फिरवून बघणारच. दुसरं नाव निवडलं आणि भूत गेलं. त्याने ह्यांचं काम अडतं हे मला तुझ्या पत्रांवरून कळलं, पण माझं झाल्यावर ते परत जागेवर कसं आणायचं ते कळेना. तुझी पत्रं हे मोठ्याने वाचतात.

मी त्यांचं काम वाचवायला गेले आणि त्यांच्याच पायात पाय घातला. आता सांग काय करू. त्यांना कळता कामा नये. त्यांना काय वाटेल ते मला बघवणार नाही.

मामी


२९ मार्च

मामी,

तू बसत राहा. मी काय करायचं ते सांगते आणि तुला ते माझ्या मामापेक्षा लवकर जमेल.

तुझं झालं की बंद करू नकोस, आधी नुसतं बाहेर पड. पासवर्डचं पान येईल. तिथे चाकावर 'झॉर्ग' निवड, पासवर्ड दे, एकदा आत जा, आणि मग बंद कर. शेवटी जो कारभारी निवडला जातो तो लक्षात राहतो. त्याला बुधवारी जुनाच मिळेल.

मामाला मी वेगळं लिहितेय. खोटं लिहितेय. मला सवय नाही, तेव्हा तू सांभाळून घे.

भिंगरी


२९ मार्च

प्रिय मामा,

कारण सापडलं. आठवड्यातून दोनदा या प्रणालीचं अंतर्गत नियोजन चालतं आणि त्यात कधी कधी निवड मागे पडते. माझ्या ओळखीच्या एकाकडेही असंच झालं. आता ते आपोआप थांबेल. काळजी करू नकोस. सूचीला लाग.

भिंगरी


१५ एप्रिल

भिंगरे,

सूची काल पोचती झाली, एक दिवस आधी. तुला आनंद वाटावा म्हणून हे सर्वांत आधी. शेवटच्या पानावर सूचीकार म्हणून दोन नावं आहेत. संपादकांनी काही विचारलं नाही. नुसतं म्हणाले, बरं आहे.

आता तुझ्या पत्राबद्दल. ओटा आणि अधिकारी समजावायला तू पानंच्या पानं लिहितेस, आणि ज्या गोष्टीने माझा जीव दोन महिने टांगणीला लागला, तिला पाच ओळी. त्यात 'आपोआप' हा शब्द, जो तूच त्याच्या तीन आठवडे आधी शक्य नाही म्हणून सांगितला होतास. 'अंतर्गत नियोजन' अशी नोंद त्या जाडजूड पुस्तकातही नाही, आणि त्याच्या सूचीवर माझा तुझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे.

मी माझ्या आठवड्याच्या नोंदींची सूची केली. 'वेलँड: बुधवार, शनिवार. पाहा: मेण.' मग सूचीची फाइल शेवटची कधी जतन झाली ते पाहिलं. मंगळवार, दुपारी चार वाजून चाळीस मिनिटं. त्या वेळी माझी दहाही बोटं दवाखान्यात भांड्यात होती.

राग आला. माझ्या कामात माझ्या पाठीमागे कोणी हात घालतं, हे बासष्ट सूच्यांत घडलं नव्हतं. मला वाटलं, ही नुसतं बघते, की बदलते? बदलत असेल तर बरोबर बदलते का? म्हणून त्या शुक्रवारी सकाळी मी 'तरता पूल' या नोंदीचं पान मुद्दाम चुकवलं. एकच. आणि फाइलची एक प्रत दुसरीकडे ठेवून निघालो.

शनिवारी सकाळी खिडकीत विचारलं. 'एक्स-इलेव्हन.' तुझी शिकवणी पोचलेली दिसली. दोन्ही प्रती शेजारी लावल्या. तरता पूल दुरुस्त झाला होता. आणि त्याच्यासोबत आणखी तीन.

मी एक चूक ठेवली होती. तिने चार सुधारल्या.

ती तीन पानं मी पुस्तकात काढून बघितली. पुन्हा बघितली. चष्मा पुसून बघितली. तिचं बरोबर होतं. भिंगरे, मला त्या सकाळी फार भीती वाटली. बोटं गेली तर प्रोग्राम आहे. हे आकडे माझ्या डोळ्यांदेखत जागा बदलतात आणि मला दिसत नाही, याला तू कुठलं चाक सांगणार?

ही आतल्या खोलीत कपडे घड्या करत होती. मी दारात जाऊन उभा राहिलो आणि विचारलं, "किती दिवस चाललंय?"

तिने घडी पुरी केली. "जानेवारीपासून."

"किती सापडल्या?"

"मोजल्या नाहीत," ती म्हणाली.

शिवणाच्या वर्गात पोरींचे टाके मोजणारी बाई ती. मी पुन्हा विचारलं नाही. मग तिने संपादकांचं पत्र आणून माझ्या हातात दिलं, ते मी उभ्यानेच वाचलं आणि परत तिच्याकडे दिलं.

स्वयंपाकघरातलं स्टूल आणून टेबलाशी ठेवलं. ती पुस्तकातून पान सांगते, मी ते लिहितो, आणि ती पडद्यावर बघून हूं म्हणते. हूं आलं नाही तर मी थांबतो. 'का' हे लघुरूप तिच्या सांगण्यावरून काढून टाकलं. अशा रीतीने आम्ही त्या दुपारी 'प'पासून पुढे लागलो.

तुझा मामा